घासलेलं आणि बिघडलेलं

संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय त्यांनी एका शब्दात सांगितला: दुरुस्ती. मला लगेच एक आवाज आठवला. गेल्या डिसेंबरात सिंहगडाच्या पायथ्याकडे जाताना ऐकलेला. वडिलांचे एक शाळासोबती आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांच्याकडे १९६५ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, वरून उघडी, रस्त्यावर हात टेकेल इतकी खाली बसलेली गाडी. खडकवासला मागे पडेपर्यंत ती चौथ्या गिअरमध्ये छान गुणगुणत चालली होती. डोणज्याच्या अलीकडे ट्रॅक्टर आडवा आला. काकांनी तिसरा टाकला आणि आमच्या दोघांच्या सीटमधून, जमिनीखालून यावं तसं एक रडणं सुरू झालं. मग दुसरा टाकताना खर्रर्र. दुखऱ्या दाताला गार पाणी लागल्यासारखा काकांचा चेहरा झाला.

“आता हिचा गिअरबॉक्स उतरवावाच लागणार,” ते म्हणाले. “बरीच वर्षं टाळतोय.”

संपादकांचा फोन ठेवला आणि काकांना लावला. गाडी सोमवारी त्यांच्या मेकॅनिककडे, वस्तादांकडे, जाणार होती. मे महिन्यातले बरेचसे दिवस मग मी नाना पेठेच्या मागच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, ऑइलच्या डब्यावर वर्तमानपत्र टाकून बसून काढले.

आवाज कुठून येतो

वस्तादांचं वय सत्तरीच्या आसपास. पहिल्या दिवशी त्यांनी पान्याला हातच लावला नाही. गाडी चालू करायला सांगितली, न्यूट्रलमध्ये ठेवली आणि डोळे मिटून उभे राहिले. खालून बारीक घरघर येत होती. “क्लच दाबा.” काकांनी दाबला, घरघर थांबली. “सोडा.” पुन्हा सुरू. मग स्वतः काकांच्या शेजारी बसून त्यांनी एक चक्कर मारली. परत आल्यावर मला म्हणाले, “ताई, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्याला ओरडतोय. टॉपला गप्प. म्हणजे तळमजला गेलाय.”

तळमजला हा त्यांचाच शब्द, आणि समजायला मला याहून चांगला दुसरा सापडला नाही. या गिअरबॉक्सला दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि त्याच रेषेत त्याच्यामागे मेन शाफ्ट. हा दुसरा मागच्या चाकांकडे जातो. दोघं एकमेकांसमोर आहेत, पण जोडलेले नाहीत. खालच्या मजल्यावर एक न फिरणारी पोलादी दांडी आणि तिच्यावर, सुयांच्या बेअरिंगवर फिरणारा दातेरी चाकांचा एकसंध गठ्ठा. दांडीला गॅरेजात काउंटर शाफ्ट म्हणतात, गठ्ठ्याला क्लस्टर. पहिल्या तीन गिअरमध्ये इंजिनचा जोर वरून खाली उतरतो, क्लस्टरमधून फिरतो आणि पुन्हा वर चढून मेन शाफ्टला मिळतो. चौथ्यात मात्र इनपुट आणि मेन शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. क्लस्टर तेव्हाही फिरतो, पण भार न घेता, रिकामा. म्हणून टॉपला शांतता आणि खालच्या तिघांना रडणं असेल, तर बोट सरळ काउंटर शाफ्टकडे जातं. चारही गिअरमध्ये आवाज असता, तर संशय वरच्या बेअरिंगांवर गेला असता. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज थांबतो, कारण इंजिनपासून सुटलेला इनपुट शाफ्ट आणि त्याच्याबरोबर क्लस्टर, दोघंही थांबतात.

आकड्यांत सांगायचं तर या गाडीत मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट एकदा फिरतो तेव्हा पहिल्या गिअरमध्ये इंजिन ३.६४ वेळा फिरलेलं असतं, दुसऱ्यात २.२१, तिसऱ्यात १.३७ आणि चौथ्यात एकास एक. हे आकडे पुढे लागणार आहेत.

अॅम्बॅसिडरवर घडलेले हात

एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस, मूळ ऑक्सफर्डचं. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त. तिच्या सुट्या भागांचा धंदा तिकडे अजून जोरात चालतो तो त्यामुळेच. वस्तादांच्या हाताखालच्या पोराला मात्र एमजी म्हटलं की रस्त्यावर दिसणारी उंच नवी एसयूव्हीच आठवते. या बुटक्या गाडीवर तीच अष्टकोनी खूण बघून तो पहिल्या दिवशी बराच वेळ बॉनेटजवळ रेंगाळला.

वस्तादांनी उमेदीची वर्षं अॅम्बॅसिडर उघडण्यात घालवली. बंगालातल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनणारी ती गाडी म्हणजे इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डचं भारतीय रूप. तिच्या पोटात बरीच वर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं इंजिन एमजीबीत आहे. लांबट, जड, साधं बी-सिरीज इंजिन. सरकारी साहेबांची गाडी आणि हौशी तरुणांची स्पोर्ट्स कार यांची नाळ एक आहे, हे मला त्या शेडमध्ये बसेपर्यंत माहीत नव्हतं. दोघींच्या गिअरबॉक्सचाही स्वभाव सारखा: वरच्या तीन गिअरना सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणारी रचना, पहिल्याला नाही. वस्ताद म्हणाले, “भाग इकडचा तिकडे बसेलच असं नाही. पण कुठे काय दुखतं ते हाताला ठाऊक आहे.”

इंजिनासकट बाहेर

ही गाडी उघडायची म्हणजे आधी इंजिन हलवायचं. गिअरबॉक्स एकटा खालून काढायला जागाच अशी अडचणीची आहे, की इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र वर काढणं हाच शहाणपणाचा मार्ग. बॉनेट उतरलं, पाणी काढलं, रेडिएटर बाहेर आला. गाडीखाली झोपून पोरानं प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट सोडवले. ते सोडवण्याआधी दोन्ही फ्लॅन्जवर त्यानं छिन्नीनं एक बारीक खूण केली, म्हणजे परत जोडताना जुन्याच जागी बसतील. कुणी सांगितलं नव्हतं. वस्तादांनी पाहिलं, बोलले काही नाहीत.

चेनब्लॉक शेडच्या आढ्याला लटकत होता. इंजिनाला साखळी लागली आणि नाक वर, शेपटी खाली अशा तिरप्या अंगानं तो सगळा लांबलचक ऐवज हळूहळू वर येऊ लागला. काका पाच-सहा फुटांवर हात मागे बांधून उभे होते. पोटच्या पोराचं ऑपरेशन काचेतून बघावं तसे. गिअरबॉक्सची शेपटी फायरवॉलला घासणार असं वाटलं तेव्हा वस्तादांनी नुसत्या तळहातानं तिला दोन इंच बाजूला ढकललं.

इंजिन इतक्या कष्टानं बाहेर येणार असेल तर क्लचकडे बघणं ओघानंच आलं. या गाडीत क्लच दाबणाऱ्या बेअरिंगात छरे नाहीत, कार्बनची एक जाड कडी आहे, पेन्सिलीच्या शिशासारखी काळी. ती निम्म्याहून जास्त झिजली होती. वस्तादांनी ती बदलायच्या डब्यात टाकली. त्या डब्यात पडणाऱ्या गोष्टी फार थोड्या असणार आहेत, हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

पेटी उघडली

ॲल्युमिनियमच्या पेटीचं बाजूचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला. वस्तादांनी बोटावर ऑइल घेतलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. “नव्वद नंबर टाकलंय कुणीतरी.”

आपल्याकडे गिअरबॉक्स म्हटलं की हात आपोआप ९० नंबरच्या गिअर ऑइलकडे जातो. या गाडीच्या गिअरबॉक्सला मात्र कारखान्यानं इंजिनचंच ऑइल सांगितलेलं आहे, आज मिळणाऱ्या २०डब्ल्यू-५० सारखं. नव्वद नंबरच्या ऑइलात दात्यांवर दाते घासू नयेत म्हणून गंधकाची रसायनं घातलेली असतात. पोलादाला ती चालतात. पितळेच्या भागांना त्यांतली काही उष्णतेत हळूहळू खातात. शिवाय त्या ऑइलात सिंक्रोची रिंग नीट पकड घेऊ शकत नाही. पूर्वी एका गॅरेजनं चांगल्या हेतूनंच ते भरलं असणार. काकांनी विचारलं नाही, गॅरेजवाल्यानं सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. ऑइल मोजायची काडी या गाडीत गिअरबॉक्स झाकणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यावरच्या गालिच्याखाली, एका रबरी बुचाखाली लपलेली आहे. पेटीत अडीच लिटर ऑइल मावतं. मागच्या सीलमधून थेंब-थेंब गळत राहिलं आणि कित्येक वर्षं गालिचा कुणी उचलला नाही.

काउंटर शाफ्ट ठोकून बाहेर काढला तसा क्लस्टर पेटीच्या तळाशी बसला, आणि मगच वरचा मेन शाफ्ट मागून ओढून काढता आला. खालचा मजला उतरल्याशिवाय वरचा निघत नाही, अशीच ही रचना आहे. वस्तादांनी दांडी पुसून माझ्या हातात दिली. बोट फिरवायला सांगितलं. एका बाजूनं ती काचेसारखी गुळगुळीत होती. फिरवून दुसऱ्या बाजूला बोट नेलं तर नख अडकलं: वीतभर दांडीवर दोन ठिकाणी, पोलादाची वरची साल उडून देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले. दांडी स्वतः फिरत नाही, म्हणून क्लस्टरचा सगळा दाब साठ वर्षं तिच्या एकाच अंगावर पडत आला होता. तिची फक्त वरची कातडी कडक असते, आतलं पोलाद मऊ ठेवलेलं. कातडी एकदा फुटली की सुया त्या खड्ड्यात आपटतात आणि ते पोखरणं थांबत नाही. डोणज्याला ऐकलेलं रडणं मी आता हातात धरून बसले होते.

काय ठेवायचं

मला हा सगळा लेख ज्यासाठी लिहावासा वाटला तो प्रसंग त्याच संध्याकाळी घडला. काका इंग्लंडहून मागवायच्या भागांची यादी करून आले होते. सगळे गिअर, सगळी बेअरिंगं, सिंक्रोचे हब, फोर्क, स्प्रिंगा. एवढं इंजिन उतरवलंय तर सगळंच नवं घालून टाकू, पुन्हा चिंता नको, असं त्यांचं म्हणणं.

वस्तादांनी यादी वाचली, घडी करून परत दिली. “काका, घासलेलं वेगळं आणि बिघडलेलं वेगळं.”

मग एकेक भाग हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरला. दुसऱ्या गिअरचे दाते चकचकीत झाले होते, पण ती चकाकी दात्याच्या मधोमध, पूर्ण रुंदीभर, एकसारखी होती. याचा जोडीदार क्लस्टरवर आहे आणि त्यावरही अगदी अशीच चकाकी आहे, हे त्यांनी शेजारी ठेवून दाखवलं. ही दोन चाकं साठ वर्षं एकमेकांवर घासून एकमेकांच्या मापाची झाली आहेत. यातलं एक बदललं तर नवं चाक जुन्याशी जुळत नाही, आणि ज्या आवाजासाठी पेटी उघडली त्याच्याहून मोठा आवाज नव्या भागातून येतो. बदलायची तर जोडी बदलायची, आणि जोडी बदलायची तर अख्खा क्लस्टर बदलायचा. ती वेळ आलेली नव्हती.

पहिल्या गिअरचे सरळ दाते कडेला बोथटलेले होते. सिंक्रो नसल्यामुळे, गाडी पुरती थांबायच्या आत पहिला टाकायची घाई करणाऱ्या प्रत्येक हाताची ती खूण. वस्तादांनी ऑइलस्टोननं फक्त वर आलेली कुसळं घासली आणि तो जुन्या भागांच्या रांगेत ठेवून दिला. मागचं बेअरिंग बोटांवर फिरवून कानाशी नेलं, पुन्हा फिरवलं, ठेवलं. पुढचं बेअरिंग तसंच फिरवलं, आणि डब्यात टाकलं. मला दोघांत फरक कळला नाही. त्यांनी दोन्ही पुन्हा माझ्या हातात दिली. तिसऱ्या खेपेला पुढच्यात वाळूचा एक कण असावा तसं काहीतरी बोटाला लागलं.

एखादी वस्तू जुनी आहे एवढ्यावरून ती टाकायची, याची आपल्याला फार सवय झाली आहे. मलाही आहे. वस्तादांच्या शेडमध्ये वय हा पुरावाच नव्हता. प्रत्येक भागाची झीज कुठे, कशी आणि कोणासोबत झाली, एवढंच ते विचारत होते.

काका बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी यादीवर रेघा मारायला सुरुवात केली. उरलं ते एवढं: काउंटर शाफ्ट आणि त्याच्या सुया, थ्रस्ट वॉशर, पुढचं बेअरिंग, तिन्ही सिंक्रो रिंगा, सिलेक्टरच्या स्प्रिंगा, ऑइल सील आणि पॅकिंग.

पितळेची रिंग

खर्रर्रचा उगम या रिंगांत होता. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं गाडीला सिंक्रोमेश दिलं. त्याआधी गिअर बदलणं हे प्रत्येक वेळी हातापायांचं कसब होतं: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. ट्रकवाले आणि एसटीचे ड्रायव्हर ज्याला डबल क्लच म्हणतात तेच. घाटात उतरताना दोन गिअरच्या मधे इंजिन एकदा हुंकारतं, तो हुंकार जुन्या लाल गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या कानात असेल.

तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना काय व्हावं लागतं ते बघा. गाडीचा वेग तोच आहे आणि तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत होतं, तर दुसऱ्यात ते ३२०० च्या पुढे जायला हवं, १.३७ आणि २.२१ मधला हा फरक. म्हणजे क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि तो सगळा जड क्लस्टर क्षणार्धात जोरात फिरवायचा. सिंक्रोत हे काम बोटभर जाडीची पितळी रिंग करते. तिच्या आत सुतासारखे बारीक आटे असतात. गिअरच्या निमुळत्या पोलादी कोनावर ती दाबली गेली की आटे ऑइलचा पापुद्रा कापतात, पितळ पोलादाला पकडतं आणि दोन्हींचा वेग जुळायला लागतो. वेग जुळेपर्यंत रिंगेचे स्वतःचे दाते पुढे सरकणाऱ्या स्लीव्हला देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखे अडवून धरतात. जुळला की रिंग किंचित सरकते आणि वाट मोकळी होते. गिअर ‘पडतो’.

आटे झिजून सपाट झाले की पापुद्रा कापला जात नाही. पहारेकरी वेळेआधीच बाजूला होतो आणि दाते दात्यांवर आपटतात. वस्तादांनी जुनी रिंग कोनावर दाबून बसवली आणि मधल्या फटीत फिलर गेजची पाती घालून बघितली. सर्वात पातळ पातीसुद्धा शिरली नाही. पहिल्यातून वर येताना आणि तिसऱ्यातून खाली येताना, दोन्हीकडची मोठी उडी दुसऱ्या गिअरच्या रिंगेलाच सोसावी लागते. सगळ्या जुन्या गाड्यांत आधी दुसरा का किरकिरतो, ते मला तेव्हा उमगलं.

भोसरी

भाग तीन आठवड्यांनी आले. वस्तादांनी नव्या काउंटर शाफ्टवर, टोकाला, कानशीचा एक हलका हात मारला. कडक केलेल्या पोलादावरून कानस नुसती घसरते. इथे ती लागली. चांदीसारखी एक रेघ उमटली.

“मऊ आहे,” एवढंच ते म्हणाले. तो शाफ्ट बसवला असता तर दोन वर्षांत पुन्हा हाच दिवस आला असता.

मग जुना शाफ्ट खिशात घालून आम्ही भोसरीच्या एमआयडीसीत गेलो. तिथल्या गाळ्यांत मोठ्या कारखान्यांसाठी हजारांच्या हिशेबानं जॉब होतात; एका नगासाठी मशीन लावायला कुणी सहज तयार होत नाही. वस्तादांच्या जुन्या ओळखीचे एक टर्नर तयार झाले. माप कशावरून घ्यायचं, हा पहिला प्रश्न, कारण शाफ्ट तर झिजलेला. टर्नरनं मायक्रोमीटर दांडीच्या टोकाला लावला. जी टोकं पेटीच्या भोकात घट्ट बसलेली असतात, त्यांच्यावरून सुई कधी फिरलेलीच नसते. मूळचं माप तिथे जसंच्या तसं होतं.

ईएन-३६ जातीचं पोलाद लेथवर थोडं जाड ठेवून कातलं. मग शेजारच्या गाळ्यात भट्टी: ९०० अंशांच्या वर कित्येक तास कर्बाच्या सान्निध्यात ठेवलं की पोलाद वरच्या जवळपास मिलिमीटरभर थरात कर्ब पिऊन घेतं. ऑइलात बुडवल्यावर तेवढाच थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. उष्णतेनं दांडी केसभर वाकते आणि फुगते, म्हणून आधी जाड ठेवलेलं शेवटी ग्राइंडिंग करून मापावर आणायचं. कडकपणा मोजला तो रॉकवेलच्या सी मापावर ६० च्या आसपास. वस्तादांनी यंत्राचा आकडा ऐकून घेतला, तरी खिशातली कानस काढलीच. ती घसरली.

दोन ते तीन थाऊ

जुळणीच्या दिवशी शेडमध्ये झाडलोट झाली होती, टेबलावर धुतलेलं धोतर पसरलं होतं, आणि पोरानं नखं कापली होती. इनपुट शाफ्टच्या पोटातल्या सुया ग्रीसमध्ये चिकटवून एकेक बसवायच्या असतात. तो त्या मोठ्यानं मोजत होता. क्लस्टरच्या दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर असतात आणि ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. क्लस्टर पुढे-मागे किती हलावा ते त्यांवर ठरतं: दोन ते तीन थाऊ, म्हणजे इंचाचा दोन-तीन हजारांश. पहिल्या खेपेला सहा भरले. क्लस्टर पुन्हा बाहेर. दुसऱ्या खेपेला जाड वॉशर घातला तर तो जाम झाला. पुन्हा बाहेर. चौथ्या खेपेला अडीच.

मग क्लस्टर एका डमी दांडीवर, सुया आणि वॉशर न सांडता, पेटीच्या तळाशी झोपवला. वरचा मजला बसला. वस्तादांनी पेटी उभी केली, क्लस्टर उचलून दात्यांत दाते मिळवले आणि भोसरीचा शाफ्ट हातानंच ढकलू लागले. समोरून डमी दांडी तेवढीच बाहेर येत गेली. शेवटच्या इंचाला त्यांनी हातोडी उचलली, थांबले, आणि पोराच्या हातात दिली. “पितळी ड्रिफ्ट लाव. हळू.”

कात्रज

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, आम्ही जुन्या कात्रज घाटात गेलो. काका चालवत होते. पहिल्या वळणाला त्यांनी सवयीनं तिसऱ्यातच रेटायचा प्रयत्न केला, मग आठवलं तसं क्लच दाबून दुसरा टाकला. दांडी जागच्या जागी गेली. पहिल्यात आवाज होता, त्याचे सरळ दाते गाताहेत असा एक उंच सूर, जो या गाडीचा कारखान्यापासूनचा आहे. पण त्याच्याखालचं रडणं गेलं होतं. घाटातल्या बोगद्याच्या तोंडाशी काकांनी गाडी बाजूला घेतली, गालिचा उचलला, बूच काढलं आणि काडी पुसून ऑइल बघितलं.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा शेडमध्ये आली. पोरानं ड्रेन प्लग उघडून गरम ऑइल पांढऱ्या फडक्यातून परातीत गाळलं. तिघंही फडक्यावर वाकले. पोलादाची एकही साल नव्हती. सोनेरी चूर्ण होतं, हळदीच्या बोटाइतकं; नव्या रिंगा आपापल्या कोनावर बसत असल्याचं. वस्तादांनी ते अंगठ्यावर चोळून उन्हात धरलं, फडक्याची घडी केली आणि त्यावर बॉलपेननं तारीख लिहून फळीवर ठेवली. “हजाराला या,” ते काकांना म्हणाले, आणि पोराला नवं ऑइल ओतायला सांगितलं.